रोदेलचा ठिपका

हाकेला ओ यायला किती वेळ लागतो, त्यावरून माणूस किती लांब ते कळतं. सेबू बेटावरची मारिविक, कुठला कॉम्प्युटर कुठं आहे ते शोधायला, तेच गणित बसवत होती. शंभर जणांच्या कॉम्प्युटरांचे ठिपके नकाशावर जागच्या जागी पडले. फक्त बँकॉकला नोकरीला गेलेल्या तिच्या भावाचा, रोदेलचा, ठिपका रोज तिथल्या सीमेपलीकडच्या जंगलात. तेवढ्यापायी सगळं काम अडलं होतं.

"पोरगा ऑफिसात बसलाय नि तुझं गणित त्याला माकडांत बसवतंय!" आई फणकारली.

महिनाभर डोकं फोडून मारिविकनं गणित सुधारलं. ठिपका बँकॉकात आला. तिनं हौसेनं भावाला फोन लावला.

"जमलं रे! आता बँकॉकातच दिसतोस."

रोदेल दबक्या आवाजात म्हणाला, "ताई, आधीचंच गणित बरोबर होतं गं. इथं दाराला बाहेरून कुलूप असतं."