शनिवारचं लग्न

"पट्टा उलटा घातलाय तुम्ही," सोलांजबाई म्हणाल्या. "निळा रंग गळ्याकडे यायला हवा. लाल गळ्याकडे असतो तो खासदारांचा. एवढी घाई नको, साहेब."

गीस्लँ दलोनेनं खांद्यावरचा नगराध्यक्षाचा तिरंगी पट्टा काढला आणि सरळ करून पुन्हा घातला. काचेच्या कंपनीचा सर्वेसर्वा असताना या माणसानं चार देशांतले कारखाने चालवले. मग राजकारणात आला, आमच्या गावचा नगराध्यक्ष झाला, आणि आता मंत्रिमंडळात त्याचं नाव येणार म्हणून पॅरिसची वर्तमानपत्रं पानंच्या पानं भरतात. पण आमच्याकडे लग्न नगराध्यक्षानं लावायचं असतं, आणि यानं गावात एक लग्न लावलं असेल तर शपथ! शनिवारची लग्नं लावायची ती उपनगराध्यक्ष सोलांजबाईंनी. साहेब शनिवारी पॅरिसला.

आज मात्र बैठक रद्द करून, ड्रायव्हरला सुट्टी देऊन तो सकाळपासून इथे येऊन बसला होता. आज लग्न कोणाचं आहे, हे सोलांजबाईंनीच त्याला सांगितलं होतं आणि आता त्यांना त्याचा पश्चात्ताप होत होता.

"तिला ठाऊक आहे का, तुम्ही लावणार म्हणून?"

"नाही."

"मग ऐका माझं. लग्न मी लावते. तुम्ही मागे उभे राहा. कायद्यानं दार उघडंच ठेवावं लागतं, कोणीही येऊन उभं राहू शकतं."

"कोणीही म्हणून नाही यायचं मला," तो म्हणाला. त्याला आपली मुलगी परत हवी होती. निदान तासभर तरी.

वऱ्हाड नगरपालिकेच्या हॉलमध्ये शिरलं. पुढे नवरामुलगा बातीस्त आणि त्याची आई जोसेत, जिचं चीजचं दुकान बाजारात सगळ्यांत गजबजलेलं असतं. मागून नवरी, ऑरेली आली. टेबलामागे कोण उभं आहे ते तिनं पाहिलं आणि ती दारातच थबकली.

"अगं, खुद्द साहेब!" जोसेतनं तिला कोपरानं ढोसलं. "नशीब काढलंस बाई! माझं मत काही वाया गेलं नाही."

ऑरेली येऊन खुर्चीत बसली. गळ्यात तिच्या आईची मोत्यांची माळ होती, आणि आडनावही तिनं फार पूर्वीच आईचं लावलं होतं. पहिल्या रांगेत मुलीकडची एक मावशी तेवढी होती.

गीस्लँ वाचू लागला. सभेत दोन-दोन तास कागदाशिवाय बोलणारा माणूस, आज प्रत्येक शब्दावर बोट ठेवून वाचत होता. नवऱ्यामुलाचं नाव झालं, त्याच्या आईवडिलांची झाली. मग मुलीचं.

"ऑरेली पेरां... यांची मुलगी..."

तो थांबला. आमच्याकडे आईबापांची नावं मोठ्यानं वाचावीच लागतात, त्यातून सुटका नाही. हॉलमध्ये कोणीतरी खोकलं.

"वाचा ना, साहेब," ऑरेली म्हणाली. "कायदा आहे."

"कोरीन पेरां आणि गीस्लँ दलोने यांची मुलगी."

"अगं बाई!" जोसेत उभीच राहिली. "म्हणजे हे...? तू तर म्हणाली होतीस, वडील..."

"कामात असतात, एवढंच म्हणाले होते मी. खोटं नाही बोलले."

मागच्या रांगेत कोणीतरी फिसकन हसलं आणि लगेच गप्प झालं. पुढचं सगळं रीतसर पार पडलं. पती-पत्नीची कर्तव्यं वाचून झाली, मुलांना वाढवण्याचं कलम वाचताना त्याचा आवाज इतका खाली गेला की बाहेरचा गोंगाट नको म्हणून सोलांजबाईंनी खिडकी लावून घेतली. दोघांनी हो म्हटलं, अंगठ्या घातल्या, सह्या केल्या. टाळ्या झाल्या.

सगळे बातीस्तला मिठ्या मारत होते तेवढ्यात गीस्लँ टेबलाला वळसा घालून तिच्याजवळ आला. त्याला रडू येत होतं आणि ते लपवायला काही उरलं नव्हतं.

"मला का नाही सांगितलंस, पोरी?"

"मी शनिवार मुद्दाम घेतला, बाबा," ती म्हणाली. आवाजात राग नव्हता, तेच त्याला जास्त लागलं. "शनिवारी तुम्ही कधीच नसता."

एवढ्यात जोसेत दोघांच्या मध्ये घुसली. बाई मनाची मोठी, तोंडाची त्याहून मोठी.

"ते काही नाही! आमच्या अंगणात टेबलं मांडलीत, सफरचंदाची सायडर थंड करून ठेवलीय. मुलीचा बाप तोंड गोड न करता जाईल होय? मी खुर्ची टाकायला सांगते, ऑरेलीच्या शेजारी. हो ना गं?"

सगळे वळून बघू लागले. ऑरेलीनं हातातली फुलं उगाच सारखी केली. चारचौघांत नाही म्हणता येत नाही आणि हो म्हणवत नाही, असा तिचा चेहरा झाला होता. गीस्लँनं तो पाहिला. आयुष्यभर वाटाघाटी केलेला माणूस. समोरच्याला काय नको आहे, हे त्याला कळत होतं.

"मला नाही जमायचं," तो घड्याळाकडे बघत म्हणाला. "पॅरिसला बैठक आहे. गाडी खाली उभीच आहे."

सोलांजबाईंनी तोंड उघडलं आणि मिटून घेतलं.

"मोठ्या माणसांचं असंच बाई," जोसेत हळहळली. कोणी आग्रह केला नाही, कोणाला नवलही वाटलं नाही. सगळ्यांना ते पटलं, आणि ऑरेलीला सगळ्यांच्या आधी.