कोंबडी चालेपर्यंत

आठ वर्षांच्या तियुंबाचं कोपर मोडलेलं तसंच जुळून काठीसारखं ताठ झालं होतं; उजव्या हातातला घास तोंडापर्यंत पोचत नव्हता.

"अहो आजी, पाच महिने काय करत होता?" तमाले शहरातल्या इस्पितळाचे डॉक्टर यकुबू खेकसले.

"हाडवैद्याने हिचा हात बांधला, आणि रीतीप्रमाणे एका कोंबडीचा पाय मोडून तोही बांधला. कोंबडी चालल्याशिवाय पोरीची पट्टी सोडायची कशी? मेलीचं लंगडणंच संपेना!"

डॉक्टरांनी कपाळावर हात मारून घेतला आणि ऑपरेशन केलं. झकास झालं. पण दुसऱ्या दिवशी हात हलवायला घेतला, तर आजी मध्ये उभी राहिली.

"तुमची कोंबडी कुठाय?"

हात आणखी महिनाभर बांधून ठेवला, तर कोपर पुन्हा आखडणार आणि सगळी मेहनत पाण्यात. डॉक्टर गुपचूप बाजारात गेले, एक धडधाकट कोंबडी आणली, तिच्या पायाला पट्टी गुंडाळली आणि तिसऱ्या दिवशी आजीसमोर सोडली. कोंबडी वॉर्डभर सुसाट पळाली. आजीने पोरीचा हात मुकाट्याने डॉक्टरांच्या हवाली केला. महिन्याभरात तियुंबा आपल्या हाताने जेवू लागली.

पुढच्या सोमवारी ओपीडीच्या रांगेत पहिला नंबर खुद्द हाडवैद्याचा होता. मांडीवर लंगडी कोंबडी.

"पोरांची हाडं मी बघतो, डॉक्टरसाहेब," तो समजुतीने म्हणाला. "तुम्ही तेवढ्या कोंबड्या चालत्या करून द्या."