आफ्रिकेची खरी राजधानी

अदिस अबाबाच्या उंचीवर पाणी ब्याण्णव अंशांनाच उकळतं. उघड्या पातेल्यात अचलाची डाळ तासभर उकळूनही कच्चीच होती. कुकर सकाळीच खोक्यात गेला होता.

“आफ्रिकेची खरी राजधानी किगालीच,” खोक्याला चिकटपट्टी लावत नवरा म्हणाला. “स्वच्छ, शिस्तीची. बघशील तू.”

“लागोसलाही हेच म्हणाला होतात. इथे आलो तेव्हाही.”

“अगं, कंपनी पाठवेल ती आपली राजधानी.” तो हसला.

नैरोबीबद्दल मात्र तो कधीच बोलत नसे. आठवड्याभराच्या लेकीला तिथे पुरून दोघं निघाले होते. त्यानंतर अचलानं प्रत्येक शहरात मुकाट्यानं संसार मांडला होता.

तिनं गॅस बंद केला.

“तुम्ही जा किगालीला. मी नैरोबीला परत जातेय, तिच्याजवळ.”