मास्टरसाठी एक धागा

जगभरातली माणसं मिळून फुकट लिहितात अशा एका कॉम्प्युटर प्रोग्रॅममध्ये संबोधीनं जरा साफसफाई करून पाठवली. लांबलचक ओळी मोडल्या, नावं सुटसुटीत केली. तपासणाऱ्या जर्मन साहेबानं परत धाडलं, "चालतंय की. मग बदल कशाला?"

तिनं पानभर कारणं लिहिली. साहेब हलेना.

मिलला टाळं लागल्यापासून घरी बसलेले तिचे पप्पा, चांगदेव, हे ऐकून एकदम खुशीत आले. "बेटा, एक चूक सोड त्याच्यासाठी! आम्ही मागावरच्या थानात, म्हणजे कापडाच्या ताग्यात, एक धागा लोंबता ठेवायचो. माल तपासणारा मास्टर तो पकडायचा, मूछ पिळायचा, और पूरा माल पास!"

संबोधीनं मुद्दाम एक फालतू ओळ सोडली.

दुसऱ्या दिवशी उत्तर आलं, "बाकीचं इतकं साफ केलंयस की ती फालतू ओळ लगेच डोळ्यात खुपली. बदल कशाला, ते कळलं. ती ओळ काढ, बाकी सगळं घेतलं."

"बघ! फसला!" चांगदेव टाळ्या पिटत म्हणाले.

संबोधीनं साहेबाचं उत्तर पुन्हा एकदा वाचलं.

"पप्पा, एवढ्या मोठ्या थानात मास्टरला तो एकच धागा दिसायचा?"

"एका नजरेत!"

"मग थान केवढं साफ विणायचात तुम्ही!"

चांगदेवांनी हळूच स्वतःचीच मूछ पिळली.