पिंप्राळ्याची तक्रार

"घूं घूं करतो, पण फिरत नाही," द्रौपदाबाई म्हणाल्या. "श्रावण लागला, भाऊ. बठ्ठे कपडे, सगळेच्या सगळे, ओले राहतात."

पितांबरने हत्यारांची पिशवी मागच्या ओट्यावर ठेवली. ड्रायरचं झाकण उघडून आतली टोपली हाताने फिरवली. हलेना. मोटर जाम. पाच मिनिटांत दोष कळला, पण सांगायची घाई नव्हती. धुळ्याहून तो काय ड्रायरसाठी आला होता!

ही बाई त्याची विहीण, आणि तिला ते ठाऊक नव्हतं. तीन वर्षांपूर्वी त्याच्या लताने या घरच्या यादवशी कोर्टात लग्न केलं. पितांबरने त्याच दिवशी जित्या पोरीच्या नावाने आंघोळ केली. वा रे बाप! तिची दोन पत्रं न फोडता परत पाठवली. तिसऱ्यावर अक्षर वेगळं होतं. पोरगी बापालाच बनवते काय, म्हणून तेही परत.

आणि परवा दुकानात तक्रारीच्या चिठ्ठीवर यादवचं नाव दिसलं, तसा सगळा ताठा गळाला. "पिंप्राळ्याला मीच जातो," म्हणाला. एकदा पोर डोळ्यांनी दिसावी, बस्स.

"किती दिवस बंद होता, अक्का?"

"दिवाळीपासून. मला नाही समजत त्यातलं."

"असा पडून राहिला की गंज धरतो."

सूनबाई कुठे आहे, एवढं विचारायला जीभ रेटेना. नोकरीला जात असेल. बी.ए. झालेली पोर, घरात थोडीच बसेल? संध्याकाळी येईल. त्याने एकेक स्क्रू सावकाश काढला, गंज घासला, तेल सोडलं. दोरीवर दोन शर्ट आणि एक नऊवारी टपटपत होती. फाटकाची कडी वाजली की त्याचा हात थांबे. एकदा दूधवाला आला, एकदा शेजारीण साखर मागायला.

आली की काय बोलायचं? 'चुकलो, पोरी.' दुसरं काही नाही. मनातल्या मनात त्याने ते दहादा म्हणून पाहिलं.

पाच वाजले. आता घासायलाही काही उरलं नव्हतं. त्याने बटण दाबलं. ड्रायर भरभर फिरू लागला.

"फिरला गं बाई!" म्हणत द्रौपदाबाईंनी पदर डोळ्यांना लावला. ड्रायरसाठी कुणी रडतं का, पितांबरला नवल वाटलं.

"चहा टाकते."

"नको, अक्का."

"मग पाणी तरी घ्या. दुपारपासून घशात थेंब नाही तुमच्या."

"पाणीही नको. मला इथलं चालत नाही." तो मान खाली घालून पक्कड-पाने पिशवीत भरू लागला.

द्रौपदाबाई पेला घेऊन तशाच उभ्या राहिल्या. त्याच्या तोंडाकडे बराच वेळ पाहत होत्या. मग समोर खाली बसल्या आणि पेला पुढे केला.

"घ्या, व्याही. लेकीच्या घरचं पाणी बापाला चालत नाही, ठाऊक आहे मला. पण लेकीला जाऊन नऊ महिने झाले. आता प्यायला हरकत नाही."