डिस्कमध्ये उरलेली जागा

"संपलं?" पुतळीनं विचारलं.

पडद्यावर तिच्या लेकीची, चिमीची पाठवणी झाली होती. नवरा-नवरीची नावं गुलाबी अक्षरांत उमटून विझली होती आणि आता नुसता काळोख होता. तलासरीच्या त्या चिंचोळ्या स्टुडिओत मनिषभाई हात चोळत उभा होता. "संपलं, मावशी. कसं झालंय?"

झालं होतं झकासच. हळद होती, बँजोवर नाचणारं अख्खं सायवन गाव होतं, लग्न लावणारी धवलेरी गात होती. नवरीपेक्षा करवल्यांचाच तोरा जास्त होता. नव्हता तो फक्त सुरज, चिमीचा भाऊ. तो मनिषभाईकडे कॅमेरा चालवायचा, बहिणीचं लग्नही त्यानंच शूट केलं होतं. साऱ्या तालुक्याची लग्नं टिपणाऱ्या पोराचा घरात एक धड फोटो नव्हता. दिव्याखाली अंधार म्हणतात, तो असा. होळीनंतर अच्छाडजवळ ट्रकनं त्याची मोटारसायकल उडवली. पुतळी लग्नाची डीव्हीडी मागायला आली, तेव्हा मनिषभाई तिच्यासमोर रडला होता. "मी स्वतः बसून बनवतो," म्हणाला होता.

"यात माझा सुरज कुठं हाय?"

मनिषभाई गोंधळला. "मावशी, कॅमेरा त्याच्याच हातात. तो कसा दिसणार?"

"जेवताना दिसतो ना."

कॅमेरावाला जेवतो सगळ्यांच्या शेवटी. बहिणीच्या लग्नातही सुरज तसाच शेवटी बसला. कॅमेरा त्यानं शेजारी जमिनीवर ठेवला आणि बंद करायला विसरला. दुसऱ्या दिवशी कॅमेऱ्याच्या इवल्याशा पडद्यावर त्यानंच आईला हसत हसत दाखवलं होतं. तिरका मांडव, त्याचा गुडघा, ताट, भात वाढणारा तिचा हात. "आये, बस झाला!" हा त्याचा आवाज. "घे रे, सकाळपासून उपाशी हायस," हा तिचा. शेवटी कॅमेरा उचलायला तो वाकला आणि त्याचं हसरं तोंड पडद्यावर मावेना. पुसून टाकतो म्हणाला, तर पुतळीनंच म्हटलं होतं, राहू दे. पोर गेल्यापासून ती त्या एका घासावर जगत होती.

तिनं ते सगळं सांगितलं, तेव्हा मनिषभाईच्या ध्यानात आलं, आपण काय कापलं ते.

रेकॉर्डिंग होतं पाच तासांचं. एका डिस्कमध्ये नीट मावतात दोन तास. जास्त कोंबलं तर माणसांची तोंडं पुसट होतात. एका लग्नाला एकच डिस्क, हा त्याचा पहिल्यापासूनचा रिवाज. म्हणून त्यानं नेहमीसारखीच कात्री चालवली होती. हललेलं काढलं, पाय काढले. तिरकी जमीन दिसली की पुढचं न बघताच तो तुकडा उडवायचा. लग्नसराई जोरात होती. डिस्क झाली तशी त्यानं कॉम्प्युटरवरची जागा मोकळी केली. कॅमेऱ्याच्या कार्डावर तर केव्हाच दुसऱ्यांची लग्नं चढली होती.

"तसले तुकडे आम्ही कचरा समजतो, मावशी," त्यानं हात जोडले. "सगळं मावत नाही ना यात. दुसरी डिस्क लावायचं मला सुचलंच नाही."

पुतळीला त्याचा राग यावा, तर तोही येईना. माणसानं मायेनंच केलं होतं सगळं. भांडायचं तरी कुणाशी? ती त्या काळ्या पडद्याकडे बघत राहिली. कोपऱ्यात मिनिटांचे आकडे अजून पळतच होते.

"ह्ये काय चाललंय अजून?"

"काही नाही. शेवटी थोडी जागा उरली, ती तशीच काळी सोडलीय. असतील पाच-सात मिनिटं."

पुतळीनं पदरानं तोंड पुसलं.

"तेवढ्यात माझा पोरगा जेवून उठायचा."