घरची मतं

पांढरकवड्याहून मतमोजणी आटोपून नागोराव आत्राम पोडावर, आपल्या कोलाम आदिवासींच्या वस्तीवर, परतला, तेव्हा त्याची बायको पंचफुला चावडी झाडत होती. त्यानं तिच्याकडं पाहिलंसुद्धा नाही.

कोलामांची पार्टी त्यानं काढली होती. चार पोरं, एक झेंडा आणि उसना भोंगा, एवढाच तिचा संसार. जिल्हा परिषदेची एक जागा मिळाली असती तर ती तगली असती. लांबलांबच्या पोडांनी त्याला भरभरून मतं दिली होती. त्याच्या स्वतःच्या पोडावरून मात्र एकच मत निघालं, आणि ते त्यानं स्वतःच टाकलेलं. बाकी झाडून सगळी मतं जिनवाल्या शेठला गेली, आणि तेवढ्यानंच शेठ निवडून आला. कापूस आधीच मातीमोल झालेला, त्यात शेठच्या काट्यावर तो आणखी हलका भरायचा. अशा माणसाला मत! चारही पोरं झेंडा गुंडाळून वाटेतूनच आपापल्या पोडांवर गेली होती.

नागोरावाचा जीव जळत होता. दारू वाटली असणार, कोंबड्या कापल्या असणार, असं धरूनच त्यानं पोडाच्या म्हाताऱ्या नाईकाला चावडीवर गाठलं, आणि कशापायी विकले गेलात म्हणून विचारलं.

नाईकाला राग आला नाही. मतदानाच्या आदल्या सांजेला शेठ आला होता, असं त्यानं सांगितलं. इथं जमिनीवर बसला, हात जोडून मत मागितलं. आणि चावडीवर मागायला आलेल्या माणसाला या पोडानं कधी रिकाम्या हातानं धाडलं नव्हतं.

"आमी शबद देल्ला," नाईक म्हणाला. "कोलाम शबद फिरवत नाई, हे तूच तं भोंग्यावर सांगत फिरला."

"अन् मी?" नागोरावाचा आवाज चिरकला. "मी तं घरचा. घरच्यानं कायले मागाव लागते?"

तालुक्यातल्या साऱ्या चावड्यांवर नागोरावानं हात जोडले होते. इथं एकदाही नाही.

पंचफुलानं झाडणी भिंतीला टेकवली.

"मी रोज सांजेले चावडी झाडून ठेवत होती," ती म्हणाली. "आज तुमी येता, उद्या येता, म्हनून सारं पोड येथं बसून राहे. शेवटी शेठ आला."